अकरा महिन्यांच्या कराराचीही नोंदणी करा

पुण्यातला आमचा वन बीएचके फ्लॅट वडिलांनी पहिल्यांदा भाड्याने दिला, तेव्हा एजंटाच्या सांगण्यावरून स्टॅम्प पेपरवर करार लिहून तो फक्त नोटरी करून घेतला होता. मुदत संपल्यावर भाडेकरूने घर सोडले नाहीच, उलट आपण ठरल्यापेक्षा जास्त डिपॉझिट रोख दिल्याचे तो सांगू लागला. आम्ही वकिलांकडे गेलो, तेव्हा कागद उलटसुलट करून पाहत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “इंडेक्स टू कुठे आहे?” करार सरकारी कार्यालयात नोंदवल्यावर मिळणारा नोंदीचा हा उतारा आमच्याकडे नव्हता.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज केंद्राच्या 1908 च्या नोंदणी कायद्यातून आलेला आहे, कारण त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याचीच नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 55 लागू होते. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण मला त्याहून गंभीर वाटते ती पुढची तरतूद. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, खोटे ठरेपर्यंत, खरे धरले जाते. आमच्या डिपॉझिटचा घोळ नेमका इथे झाला.

खर्चाचे म्हणाल, तर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत करावयाच्या डिपॉझिटवरील वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के लागते. दरमहा 18,000 रुपये भाडे आणि 50,000 रुपये डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांसाठी ते साधारण पाचशे रुपये होते. शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. अंगठ्याचे ठसे आणि फोटो घरबसल्या देता येतात.

मुदत संपूनही भाडेकरू राहिला, तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट भाडे मागता येते. तिथे लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून डिपॉझिटची रक्कम, चेकचा क्रमांक आणि तारीख करारातच लिहावी. भाडे बँकेतच घ्यावे, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी आणि सोसायटीने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) लावले असेल, तर लेखी हरकत घ्यावी.

दुसऱ्या वेळी आम्ही कराराला सामानाची यादी जोडली: तीन पंखे, गीझर, किल्ल्यांचे दोन जोड, वीजमीटरचे त्या दिवशीचे रीडिंग आणि न्हाणीघराच्या भिंतीवरील ओलीचा फोटो. घर सोडताना दोन्ही बाजूंनी ती यादी वाचली. ओल आधीचीच असल्याचे फोटोत दिसत होते, त्यामुळे रंगाचे पैसे आम्ही कापले नाहीत आणि उरलेले वीजबिल वजा करून त्याच संध्याकाळी डिपॉझिट परत केले.