ती पांढरीफटक का पडली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. सोसायटीची कोजागरी असो, कुणाची साठी असो, की-बोर्डवर मी 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' वाजवून गायले की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "सूर काळजाला भिडतात हो, पण या गाण्याचा अर्थ काय?" घाईत मी काहीतरी सांगून सुटका करून घेते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. आज नीट सांगते.

गाणं इंग्लंडच्या प्रोकोल हारम या बँडचं. मे १९६७ मध्ये आलं आणि त्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गायक गॅरी ब्रूकर, ऑर्गनवर मॅथ्यू फिशर आणि शब्द कीथ रीडचे. हा रीड बँडमध्ये गातही नसे, वाजवतही नसे, फक्त लिहीत असे. तरी बँडवाले त्याला आपल्यातलाच मानत. गाणं आलं तेव्हा त्याचं वय होतं २० वर्षं.

मी ते पहिल्यांदा ऐकलं नववीत, मामाच्या कॅसेटवर. थांबवून थांबवून, मागे नेऊन नेऊन मी शब्द वहीत उतरवले होते. दुसऱ्या कडव्यात 'सोळा' आणि 'कुमारिका' यांच्यामधला एक शब्द काही केल्या कळेना. तिथे पेन्सिलीने एक रेघ मारून जागा सोडली. ती जागा दोन वर्षं रिकामी होती. अकरावीत रोमच्या इतिहासावरचं एक पुस्तक हाती आलं आणि तो शब्द सापडला: व्हेस्टल. व्हेस्टा देवीचा अग्नी अखंड तेवत ठेवणाऱ्या कुमारिका. ३० वर्षांचं व्रत, आणि व्रत मोडलं तर जिवंत पुरायची शिक्षा. रोममध्ये त्या सहसा सहाच असत. गाण्यात सोळा आहेत.

आता गाण्यात घडतं काय ते मराठीत सांगते. एक तो आणि एक ती. नाचताहेत, जमिनीवर कोलांट्या मारताहेत. त्याला बोट लागल्यासारखं मळमळतंय, पण भोवतालची गर्दी 'अजून, अजून' म्हणतेय. खोली घुमायला लागते, छत उडून जातं. आणखी एक पेला मागवला तर वेटर अख्खा ट्रे घेऊन येतो. आणि मग पुढे कधीतरी, गिरणीवाला आपली गोष्ट सांगत असताना, तिचा आधीच भुतासारखा झालेला चेहरा पांढऱ्याहून पांढरा पडतो. दुसऱ्या कडव्यात ती म्हणते, कारण काहीच नाही, खरं काय ते समोर दिसतंच आहे. तो मात्र आपल्या पत्त्यांमध्ये हरवलेला. त्या सोळा कुमारिका समुद्रकिनाऱ्याकडे निघाल्या आहेत. तो तिला त्यांच्यातली एक होऊ देत नाही. त्याचे डोळे उघडे आहेत, पण मिटलेले असते तरी फरक पडला नसता. संपलं.

अनेकांना हे नशेचं सांकेतिक गाणं वाटतं. गांज्याचं कोडं, अतिसेवनाने गेलेल्या मुलीचं कोडं, अशी उत्तरं मी किती तरी ऐकली आहेत. मला ती पटत नाहीत. आपल्याकडे मुक्ताबाईंचं कूट आहे, मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. तिथे परंपरेने किल्ली हातात दिलेली आहे. मुंगी म्हणजे काय, सूर्य म्हणजे काय हे कीर्तनकार उलगडून सांगतात आणि अभंग उघडतो. रीडच्या गाण्याला असं कुलूपच नाही, मग किल्ली कुठली? त्याने स्वतः सांगितलं आहे की त्याला गूढ व्हायचं नव्हतं, एक दृश्य डोळ्यांपुढे उभं करायचं होतं, आणि मुळात ही मुलगी मुलाला सोडून जाते त्याची गोष्ट आहे. त्या लिखाणावर पुस्तकांचा परिणाम होता, नशेचा नाही, असंही तो म्हणाला होता. शीर्षकाचे शब्द त्याला एका पार्टीत मिळाले. कुणीतरी एका बाईला म्हणालं, तू किती पांढरी पडली आहेस, आणि ते ज्या तऱ्हेने म्हटलं गेलं ते त्याच्या कानात राहिलं.

गिरणीवाला म्हटलं की इंग्रजी शिकलेली मंडळी लगेच जुना इंग्रज कवी चॉसर याच्याकडे धावतात. चौदाव्या शतकातल्या त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधला गिरणीवाला गोष्ट सांगतो ती एका म्हाताऱ्या सुताराची. त्याच्या तरुण बायकोचा एका विद्यार्थ्याशी संबंध. विद्यार्थी सुताराला पटवतो की महापूर येणार आहे. सुतार आढ्याला टांगलेल्या काथवटीत जीव मुठीत धरून बसतो आणि तिथेच झोपी जातो, खाली त्या दोघांना रान मोकळं. म्हणजे फसवणाऱ्या बायकोची गोष्ट ऐकून ती पांढरी पडली, असा अर्थ लावता येतो, आणि तो बेमालूम बसतो. शिवाय चॉसरने या गिरणीवाल्याचं वर्णनच असं केलंय की दारूने त्याचा चेहरा पांढरा पडला होता! पण रीडने स्पष्ट सांगितलंय की ही गोष्ट त्याने आयुष्यात वाचलेली नव्हती, नकळत कुठून आली असेल तर असेल. तो योगायोग मला फार आवडतो. तरी गाण्याचा सगळा भार त्याच्यावर टाकू नये असं मला वाटतं.

माझ्यासाठी गाणं उघडलं ते वेगळ्याच गोष्टीने. रीडने लिहिली होती चार कडवी. रेकॉर्डवर आली दोनच. तिसरं बँड कधीकधी कार्यक्रमात गायचा, चौथं तर फारच क्वचित.

तिसऱ्यात ती म्हणते, मी खलाशासारखी सुट्टीवर किनाऱ्याला आलेय. आणि तो म्हणतो, खरं तर आम्ही भर समुद्रात होतो. तो तिला आरशापुढे नेतो, तिच्याकडून जबरदस्तीने वदवून घेऊ बघतो: समुद्राच्या देवाला, नेपच्यूनला, झुलवणारी जलपरी तूच. ती त्याच्याकडे बघून इतकं उदास हसते की त्याचा राग जागच्या जागी विरतो. चौथ्यात सगळं उलटंपालटं होतं, मागचं पुढे, मळकं ते स्वच्छ, आणि शेवटी दोघं बुडी मारून थेट समुद्राच्या तळाशी जातात.

आता पहिल्या दोन कडव्यांकडे परत या. त्याला बोट लागते. कुमारिका किनाऱ्याकडे निघतात. हे तुकडे सुटे वाटत होते, कारण ज्या समुद्राचे ते तुकडे, तो समुद्रच रेकॉर्डमधून कापला गेला. नाचाची खोली म्हणजे डोलणारं जहाज, हे पहिल्या ओळींपासूनच होतं. आपण अर्धी गोष्ट ऐकली आणि तिला कोडं म्हणालो.

दुसऱ्या कडव्यातली एक जागा मला सगळ्यात मोठी वाटते, आणि ती भाषांतरात हातातून निसटते. ओळ जिथे तुटते तिथे इंग्रजीत अर्थ होतो: 'मी काही तिचा पिच्छा सोडला नाही.' ब्रूकर तिथे श्वास घेतो. पुढची ओळ येते आणि त्याच शब्दांचा अर्थ पालटतो: 'मी तिला त्या सोळा जणींतली एक होऊ दिलं नाही.' म्हणजे तिला निघून जायचंय, आणि याने वाट अडवली आहे. मी शिकवणी घेते तिथल्या मुलींना ही जागा मुद्दाम थांबून ऐकवते. त्या एका श्वासात तो आधी चिवट प्रियकर वाटतो आणि मग दार अडवून उभा राहिलेला माणूस.

म्हणून तुम्ही 'अर्थ काय' विचारता तेव्हा मला सांगायचं असतं ते हे: एक बाई समोर बसली आहे, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत चाललाय, आणि त्या माणसाला रंग दिसतो, बाई दिसत नाही. ती का पांढरी पडली हे तो विचारतच नाही. रेकॉर्डवरच्या दोन कडव्यांत एकदाही नाही. तिच्याकडे तो खरोखर बघतो ते फक्त तिसऱ्यात, त्या उदास हसण्यापाशी, आणि नेमकं तेच कडवं आपल्यापर्यंत पोचलं नाही. मला याचं अजून वाईट वाटतं.

आणि ऑर्गन. जर्मन संगीतकार बाखच्या संगीताची छाया त्यावर आहे असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे, पण सूर न् सूर उचललेला नाही. फिशरची ती सुरावट गाण्याचा इतका मोठा भाग आहे की चालीच्या श्रेयासाठी तो कोर्टात गेला, आणि २००९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याच्या बाजूने निकाल दिला. संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा त्याचा ठरला. गाणं येऊन तोवर ४२ वर्षं झाली होती.

तुम्ही जवळ बसाल तेव्हा माझ्या डाव्या हाताकडे बघा. उजवा हात वर घुटमळतो, एकेक सूर धरून ठेवतो. डावा मात्र खाली उतरत राहतो: सा, नी, ध, प, म, ग, रे, सा. एकही पायरी न गाळता. शब्दांतली समुद्रतळाची बुडी कापली गेली, पण खर्जातला हा उतार पहिल्या सुरापासून तिकडेच चालला आहे. परवाच्या बैठकीत मी पहिल्यांदा तिसरं कडवंही गायले. उदास हसण्याच्या ओळीला समोर बसलेल्या एका काकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली. त्या रात्री कुणी अर्थ विचारला नाही, त्यांनी मात्र निघताना विचारलं, "ती गेली का गं शेवटी, की त्याच्याबरोबर बुडाली?"