तुम्ही विचारलंत म्हणून: कालवड म्हणजे लहान गायच ना?

गावच्या दूध संस्थेत मी वह्या लिहितो. कोल्हापुरात पाहुण्यांकडं गेलो की हा प्रश्न ठरलेला. नाही, लहान गाय नव्हे. एकदाही व्यायली नाही ती कालवड. पहिल्यांदा व्याली की पहिलारू, तिथून पुढं वेतं, म्हणजे किती वेळा व्याली ते, मोजायचं. दूध आटलं की भाकड. तीच भाकड गाय गाभण असेल तर बाजारात तिचा भाव वेगळा.

हा फरक मला महागात पडलाय. आमची दोन दाती, म्हणजे दोनेक वर्षांची, कालवड साप चावून मेली. विम्याच्या कागदावर मीच घाईत 'गाय' लिहिलं होतं. कंपनीनं विचारलं, दूध किती देत होती? कधी व्यायली? कानातल्या ओळखीच्या पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे जुळत होते, पण हा एक शब्द जुळेना. चार महिने हेलपाटे घातले.

नराचं त्याहून बारीक. गाईचं नर वासरू म्हणजे पाडा, तो वाढला की खोंड. चिमटा लावून खच्ची केला, औताला जुंपला, की बैल. पैदाशीला राखला तर वळू. खिल्लार जातीच्या खोंडाला कुणी 'बैल' म्हटलं तर मालक तोंडावर काही बोलत नाही, पण गिऱ्हाईक किती पाण्यात आहे ते त्याला कळतं.

वय दातांवर. दुधाचे दात असेतो आदत, दोन वर्षांच्या आसपास पुढचे दोन पडून रुंद दात आले की दुसा, मग चौसा, मग सहा दाती, आणि आठ झाले की जुळला. हे सगळं खालच्या जबड्यात बघायचं. वरच्या जबड्याला पुढं दातच नसतात. हे ऐकून पुण्याच्या भाच्यानं आमच्या गाईचं तोंड उघडून बघितलं आणि हात चाटून घेतला.

इंग्रजीत 'कॅटल'ला एकवचन नाही म्हणे. आपलं तरी कुठं धड आहे? गुरं म्हणतो, पण एकाला 'गुरू' म्हणावं तर मास्तर आठवतो. म्हणून नर-मादी कळायच्या आत आम्ही आपलं 'जनावर' म्हणतो.

म्हशीचं खातं निराळं. पिल्लू रेडकू, वाढती मादी वगार, नर रेडा. गाय नऊ महिन्यांत व्याते, म्हैस दहा घेते. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेलात तर एवढं जपा. भाच्यानं तिथं "काका, गाय कुठली?" विचारलं. गवळी धार काढता काढता म्हणाला, "शिंगं बघ की लेका."