चार डिस्कची रेड ५: लिहिण्याचा खरा वेग

सध्याची मांडणी: ७२०० आरपीएमच्या चार सारख्या हार्ड डिस्क, लिनक्सचं एमडी (सॉफ्टवेअर) रेड ५, म्हणजे डेटा आणि एक डिस्क गेली तर तो परत मिळवून देणारी पॅरिटी चारही डिस्कवर वाटलेली, चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) ५१२ केबी, रॅम १६ जीबी. मोजणीआधी प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल बघून घ्यायची, तिच्यात अ‍ॅरेची (या डिस्कसंचाची) स्थिती दिसते. रीसिंक (पॅरिटी पुन्हा जुळवणं) चालू असेल तर आकडे टिपून उपयोग नाही.

डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने एक जीबी शून्यं लिहिली की सेकंदाला जीबीच्या वर आकडा सहज दिसतो. तो रॅमचा वेग. 'कॉन्व्ह=एफडेटासिंक' जोडलं की डेटा डिस्कवर उतरेपर्यंतचा वेळ धरला जातो. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यं डिस्कपर्यंत पोचतच नाहीत, तिथे डीडी नकोच.

म्हणून पुढची मोजणी एफआयओ या डिस्क-चाचणीच्या प्रोग्रॅमवर: डायरेक्ट १ (रॅमची कॅश टाळून), लिबएआयओ (अनेक विनंत्या एकदम पाठवणारी पद्धत), ४ केबी रँडम राइट, क्यू डेप्थ (एका वेळी रांगेतल्या विनंत्या) आधी १, मग ३२, फाइल ३२ जीबी, वेळ ३०० सेकंद. फाइलचंच नाव द्या. चुकून थेट एमडी०वर, म्हणजे अख्ख्या अ‍ॅरेवर, सोडलंत तर फाइल सिस्टिमच जाईल.

आकडा येण्याआधी कागदावर हिशोब मांडलेला बरा. एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची, त्यामुळे सरासरी थांबणं ४.१७, हेड सरकायला साधारण ८.५. म्हणजे डिस्कमागे ७५-८० आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचायची-लिहायची कामं), चारांचे मिळून तीनशेच्या आसपास. पण रेड ५ मध्ये छोट्या राइटमागे चार कामं लागतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. तीनशे भागिले चार, हाती पंचाहत्तर! चार डिस्क राबवून एकीचं काम. खोल क्यू आणि डिस्कची स्वतःची कॅश यामुळे आकडा थोडा वर जातो, पण हजारांत गेला तर मध्ये कुठेतरी कॅश आहे हे नक्की. हार्डवेअर कंट्रोलरवर ती राइट-बॅक असते (कॅशमध्ये आलं की लिहिलं असं कळवणारी) आणि तिची बॅटरी उतरली की बहुतेक कंट्रोलर आपोआप राइट-थ्रूवर (डिस्कवर उतरल्यावरच कळवणं) येतात. आकड्याशेजारी बॅटरीची स्थिती लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तुलना जुळणार नाही.

सलग राइटचं गणित वेगळं. पूर्ण स्ट्राइप, म्हणजे चारही डिस्कवरची एक ओळ, त्यात पॅरिटी सोडून डेटाचे चंक तीन: ३ × ५१२, म्हणजे १५३६ केबी. ती एकदम भरली की आधी वाचावं लागत नाही. स्ट्राइप कॅश (स्ट्राइप जुळवायला एमडी वापरतं ती रॅम) २५६ वरून ४०९६ केली की ६४ एमबी रॅम जाते, सौदा स्वस्त आहे. एक्स्ट४ या फाइल सिस्टिमला हीच मापं ४ केबीच्या ब्लॉकमध्ये सांगायची: स्ट्राइड (एक चंक) १२८, स्ट्राइप-विड्थ (पूर्ण स्ट्राइप) ३८४. रिकाम्या अ‍ॅरेवर बाहेरचे वेगवान ट्रॅक मोजले जातात; आतले जवळपास निम्म्या वेगाचे.

पुढची चाचणी बिटमॅपची (कुठल्या भागात लिहिणं चालू आहे याची एमडी ठेवतं ती नोंद): बिटमॅप चंक १२८ एमबी करून. बिटमॅप काढून टाकला तर आकडा आणखी सुधारेल, पण लिहिताना वीज गेली की चारही डिस्कचा पूर्ण रीसिंक.