शेजाऱ्याची विकत घ्यायची चार वर्षं

शनिवारी सकाळी शेजारी बुटांचा जुना खोका घेऊन दारात हजर. गडी अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, पोलीस खात्यात अधिकारी आहे, त्याआधी २००३ ते २००७ अमेरिकी लष्करात होता. मी हिशेबनिसाचं काम करते हे त्याला ठाऊक. म्हणाला, "माझी चार वर्षं विकत घ्यायचीत, जरा बघतेस?"

वर्षं विकत? मी पोह्यांखालचा गॅस बंद केला.

इथे लष्करातून फेडरल नोकरीत आलं की आधीची वर्षं पेन्शनला आपोआप धरत नाहीत. पैसे भरून ती जोडून घ्यायची, त्याला म्हणायचं बायबॅक. त्याच्या एफईआरएस, म्हणजे फेडरल नोकरदारांच्या पेन्शन योजनेत लष्करातल्या मूळ पगाराच्या ३ टक्के भरायचे, भत्ते सोडून. चार वर्षांचा मूळ पगार साधारण ७५,००० डॉलर, म्हणजे २,२५० डॉलर. पेन्शन ठरते सर्वाधिक पगाराच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीवर. ती १ लाख धरली, तर वर्षामागे तिच्या १ टक्का दराने या चार वर्षांपायी दरसाल ४,००० डॉलर जास्त, तेही तहहयात! मात्र नोकरीची पहिली दोन वर्षंच बिनव्याजी. हा २०१९ साली, पस्तिशीत लागला आणि 'बघू नंतर' करत बसला, त्यामुळे व्याज चढलंय. तरी सौदा स्वस्तच.

खोक्यात फुटबॉलची तिकिटं, वॉरंटी कार्डं, आणि तळाशी कॉफीचा गोल डाग पडलेला डीडी-२१४, म्हणजे लष्करातून सुटल्याचा दाखला. सर्व्हिस बुकातल्या एका चुकीच्या नोंदीपायी बाबांनी घातलेले खेटे आठवले.

खरी गोची पुढे होती. या अधिकाऱ्यांना पोलिसी नोकरीची २० वर्षं भरली की पन्नाशीनंतर निवृत्त होता येतं, २५ भरली तर कुठल्याही वयात. त्या पहिल्या २० वर्षांना पेन्शनचा दर वर्षामागे सरासरीच्या १.७ टक्के. विकत घेतलेल्या वर्षांना फक्त १ टक्का, आणि ती या विसात धरतच नाहीत. याने मात्र चार वजा करून २०३५ साल पक्कं केलेलं.

"२०३९," मी म्हटलं. "तेव्हा तू पंचावन्नचा."

त्याने बोटांवर मोजलं. परत मोजलं.

"बायकोला सांगून बसलोय गं. तिने तळ्याकाठची घरंसुद्धा बघायला घेतलीत."

पोहे दोनदा घेतले त्याने. खोका मात्र टेबलावरच विसरून गेला. विसरून की मुद्दाम, देव जाणे.