बांधावरच्या प्रार्थना कीटकाची ओळख पटवताना : माझा अनुभव

मराठवाड्यात गणपतीपासून दिवाळीपर्यंत शिवारात फिरलं की प्रार्थना कीटक दिसतोच. सोयाबीनच्या शेंड्यावर, पऱ्हाटीच्या पानाआड, बांधावरच्या तरवडावर, रात्री अंगणातल्या दिव्यापाशी. फोटो लगेच मिळतो. त्याचं कुळ, प्रजाती आणि जाती ठरवणं हे मात्र चिकाटीचं काम आहे, आणि त्याची सुरुवात रंगापासून केली तर ते हमखास चुकतं. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही कीटक असतात. कात टाकताना हवा कोरडी होती की दमट, उजेड किती होता, यावरही रंग बदलतो. (या लेखात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, शाळेच्या पुस्तकात असतं तसं.)

प्रार्थना कीटकांच्या गणाच्या, म्हणजे अनेक कुळं मिळून होणाऱ्या मोठ्या गटाच्या, जगात सुमारे २,४०० जाती आहेत. १९९५ सालच्या भारतीय यादीत ६८ प्रजातींमधल्या १६२ जाती होत्या, पुढे त्यात भर पडली. इतक्या गर्दीत नाव शोधायचं तर माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग एकच : अंडकोश (म्हणजे या कीटकाच्या अंड्यांचा काडीवर चिकटलेला गोळा) किंवा पिल्लं आणून प्रौढ होईपर्यंत वाढवायची. एका अंडकोशातून नर आणि मादी दोन्ही हाती येतात. कित्येक प्रजातींत दोघांचं रूप इतकं वेगळं असतं की शेतात सुटे सापडले तर ते एकाच जातीचे आहेत हे पटणार नाही. आणि शेवटचा निकाल बहुतेक वेळा नराच्या शरीरावरच लागतो.

अंडकोश शोधायला उन्हाळा बरा. पानगळ झालेली असते, त्यामुळे बाभूळ, हिवर, बोर, तरवड यांच्या काड्यांवर फेस वाळून घट्ट झाल्यासारखे तपकिरी गोळे लांबूनच दिसतात. तुराट्यांचे ढीग आणि दगडी बांधाच्या फटीही पाहाव्यात. काडीवरून गोळा खरवडू नये. काडी दोन्ही बाजूंनी तीन-चार इंच ठेवून कापावी आणि बरणीत ती झाडावर होती त्याच दिशेनं टांगावी. गोळ्याच्या अंगावर बारीक गोल भोकं दिसली तर त्यातून बहुधा पोडाग्रिऑन नावाच्या परजीवी गांधीलमाश्या आधीच बाहेर पडलेल्या असतात. कीटकाची पिल्लं निघतात ती गोळ्याच्या मधल्या पट्टीतून, त्यांची अशी भोकं पडत नाहीत. बरणीत या माश्या निघाल्या तर त्याही अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. चमकदार हिरवं अंग, मागच्या फुगीर मांड्यांवर दाते आणि मादीला लांब अंडी घालायची नळी, अशी त्यांची खूण. कोणत्या जातीच्या अंडकोशातून त्या निघाल्या ही नोंद फार मोलाची असते.

बरणी एक लिटरची, रुंद तोंडाची, तोंडाला मलमलीचं कापड आणि रबर. पाणी कापडावर आणि काचेवर फवारावं, थेट अंडकोशावर मारलं की बुरशी धरते. पिल्लं बहुधा सकाळी निघतात, एकाच वेळी, आणि मोठ्या जातींत ती शंभराच्या वर असू शकतात. पहिले दिवस त्यांना फळमाश्या लागतात. पिकलेली केळी आणि थोडा गूळ बाटलीत घालून उघडी ठेवली की माश्या येतात. त्या अंडी घालून गेल्या की तोंडाला कापड बांधायचं, दहा-बारा दिवसांत पुढची पिढी तयार होते. म्हणजे ही बाटली अंडकोश फुटायच्या आधीच लावायला हवी, नंतर लावली तर पिल्लं उपाशी मरतात किंवा एकमेकांना खातात. दुसऱ्या कातीनंतर प्रत्येकाला वेगळी बरणी द्यावी. पुढे घरमाश्या, मग छोटे नाकतोडे.

सगळ्यात जास्त नुकसान कात टाकताना होतं. कीटक उलटा लटकून जुन्या कातीतून खाली सरकतो, म्हणून वर पकड घ्यायला जाळी आणि खाली मोकळी जागा हवी. बरणीची उंची कीटकाच्या लांबीच्या तिप्पट, रुंदी दुप्पट, हा माझा हिशोब. जागा कमी पडली की पुढचे पाय वाकडे होतात, आणि तोच अवयव पुढे ओळखीला लागतो. दुसरं कारण कोरडी हवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवेत ओल उरतच नाही, कात अंगाला चिकटून बसते. तेव्हा बरण्या ओल्या गोणपाटावर, घराच्या आतल्या खोलीत ठेवाव्यात आणि सकाळ-संध्याकाळ फवारा द्यावा. कीटक खाणं सोडून वर लटकला, पंखांच्या कळ्या फुगल्या, की आतलं जिवंत भक्ष्य लगेच काढावं. नुकत्याच कात टाकलेल्या मऊ कीटकाला नाकतोडा कुरतडतो. साधारण सहा ते नऊ कातींनंतर पंख येतात, मादीला बहुधा नरापेक्षा एखादी जास्त लागते. पंख आले की आठवडाभर थांबावं, म्हणजे अंग पुरतं कडक होतं.

प्रौढ गोळा करायचे तर जागेप्रमाणे पद्धत बदलते. काटेरी झुडपाखाली पांढरी छत्री उलटी धरून फांदीवर काठीचे दोन ठोके द्यावेत. बाभूळ, कडुनिंब, आंब्याच्या खोडावर सालीच्या रंगाची चपटी हंबर्टिएला असते. ती चाहूल लागताच खोडाच्या पलीकडच्या बाजूला पळते, त्यामुळे दोघांनी दोन बाजूंनी पाहणं सोयीचं. कुसळी गवतात काडीला समांतर पडून राहणारी, डोळे टोकदार असलेली शिझोसेफाला नजरेला सहज दिसत नाही, तिथे झोळीचं जाळं गवतावरून फिरवावं. रात्रीच्या दिव्याला मुख्यतः नर येतात, कारण माद्या जड असतात आणि कमी उडतात. अमावास्येच्या आसपास, पांढरा कपडा ताणून, अंधार पडल्यापासून दोन-तीन तास दिवा लावावा. गौताळा, येडशीचा रामलिंग घाट किंवा कुठल्याही अभयारण्यात मात्र वनखात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एकही कीटक उचलू नये. बांध आणि माळ आपल्याला भरपूर देतात.

मारण्याआधी फोटो घ्यावा. जिवंत कीटक काचेच्या बरणीत सोडला की तो भिंतीवर चढतो, आणि काचेतून त्याची खालची बाजू आणि पुढच्या पायांची आतली बाजू स्वच्छ मिळते. हे रंग नंतर उडतात. हिरवा रंग वाळल्यावर पिवळट-तपकिरी होतो. मी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतो. इथिल ॲसिटेटनं काम लवकर होतं, पण रंग जास्त बिघडतो.

त्यानंतर डीएनएसाठी मधला किंवा मागचा एक पाय काढून ९६ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये, उणे २० अंशांवर ठेवावा. पुढच्या पायाला हात लावू नये. मोठ्या मादीचं पोट तसंच वाळवलं तर आतून सडतं, म्हणून खालच्या बाजूला लांब चीर देऊन आतलं काढावं, बोरॅक्स लावलेला कापूस भरावा. टाचणी स्टेनलेस, तीन नंबरची, पंखांच्या मुळाजवळ मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे. एका बाजूचे दोन्ही पंख पसरावेत. पुढचे पाय उघडून, आतली बाजू दिसेल असे बसवावेत. मिटलेल्या पायांचा वाळलेला नमुना पुन्हा मऊ करत बसण्यात काटे तुटतात. वाळवण्याच्या फळीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले नाहीत तर मुंग्या एका रात्रीत नमुना संपवतात. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल हवंच.

आता खरं वाचन. त्यासाठी १० ते ४० पट मोठं दाखवणारा स्टीरिओ मायक्रोस्कोप लागतो. पुढच्या पायाचे भाग शरीराकडून क्रमानं असे : कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, टिबिया आणि पाच तुकड्यांचा टार्सस. फीमरच्या बुंध्याकडे मध्यभागी तीन किंवा चार डिस्कॉइडल काटे असतात. पुढे आतल्या कडेला एक रांग, बाहेरच्या कडेला दुसरी. बाहेरच्या रांगेत पुष्कळ प्रजातींत चार काटे. टिबियाच्या टोकाचा आकडा मिटल्यावर फीमरवरच्या ज्या खाचेत बसतो, ती खाच फीमरच्या मध्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, तेही पाहायचं. हे काटे दोन्ही पायांवर मोजावेत. एखादा काटा मोडलेला असेल तर तिथे खळगा राहतो, तो धरून मोजायचं. पाय पिल्लूपणी तुटून परत उगवला असेल तर तो आखूड असतो आणि काट्यांची संख्या फसवी, तसा पाय बाद करावा.

काट्यांची मांडणी कुळाकडे थेट नेते. आतल्या रांगेत दर दोन लांब काट्यांमध्ये तीन आखूड काटे असतील, डोक्यावर शंकूसारखा उंचवटा असेल आणि नराच्या मिशा कंगव्यासारख्या दुहेरी दात्यांच्या असतील, तर ते एम्प्युसिडी. गोंगायलस, म्हणजे पायांवर पानासारखे पाळे असलेला व्हायोलिन मँटिस, याच कुळातला. टिबियाच्या बाहेरच्या कडेचे काटे आडवे झुकलेले आणि एकमेकांना खेटून असतील तर हायमेनोपोडिडी. पुढच्या पंखावर डोळ्यासारखा ठिपका असलेला फुलांवरचा क्रिओब्रोटर तिथे जातो. टिबियाला टोकाच्या आकड्याशिवाय एकही काटा नसेल तर ॲमॉर्फोसेलिडी. हे काटे उभे आणि सुटे असतील तर मॅन्टिडी आणि तिच्या आसपासची बरीच कुळं उरतात, आणि इथेच खरी कसोटी असते.

शिवारात सगळ्यात जास्त भेटणारे याच गटातले. कॉक्साच्या आतल्या बाजूला मुळाशी काळा डाग, कधी मध्ये पांढरा ठिपका : मॅन्टिस प्रजाती. यातल्या युरोपीय जातीला लिनीअसनं १७५८ साली नाव दिलं. कॉक्सावर फिकट पिवळे उंचवटे आणि पुढच्या पंखावर पांढरा डाग असलेला धट्टाकट्टा कीटक हायरोड्यूला. पायाच्या आतल्या बाजूला गडद पट्टे असलेला, गवतात जमिनीलगत राहणारा सडपातळ तपकिरी कीटक स्टॅटिलिया.

नर-मादी ओळखायला पोटाची खालची बाजू मोजावी. मादीत पोटाचे सहा आडवे खंड दिसतात, नरात आठ. अर्ध्या वाढलेल्या पिल्लांतही हा फरक कळतो. याच वेळी मागच्या पायांच्या बुंध्यांमध्ये मध्यरेषेवर एक खोल फट दिसते का तेही पाहावं. तो या कीटकाचा एकुलता एक कान. वटवाघळाचा अतिध्वनी त्यानं ऐकू येतो. उडणाऱ्या नरात तो चांगला विकसित असतो, आखूड पंखांच्या माद्यांत बहुधा खुरटलेला.

हायरोड्यूलाच्या जाती वेगळ्या करताना बाहेरून फारसं हाती लागत नाही. तिथे नराचं जननेंद्रिय काढावं लागतं. पोटाचं टोक कोमट पाण्यात मऊ करून कापायचं, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये काही तास ठेवायचं, स्नायू विरघळले की पाण्यात धुवायचं. उरतात तीन कडक भाग : डावा, उजवा आणि खालचा फॅलोमिअर. हा असममित अवयव आहे, त्यामुळे चित्राशी जुळवताना तो वरून पाहतोय की खालून, हे आधी पक्कं करावं. उलट्या बाजूनं पाहिलं की उजवं डावं होतं आणि भलतीच जाती हाती येते. द्रावणात जास्त वेळ राहिला तर पातळ पापुद्रे दिसेनासे होतात, म्हणून दर अर्ध्या तासानं पाहत राहावं. नंतर ग्लिसरीन भरलेल्या बारीक नळीत घालून ती त्याच टाचणीवर लावायची.

जुन्या किल्ल्या, म्हणजे एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारे तक्ते, वापरताना एक अडचण कायम येते. त्यांतली कुळं आता तशी राहिलेली नाहीत. २०१९ साली नराचं जननेंद्रिय आणि डीएनएवर आधारलेला पुरावा यांची सांगड घालून या गणाची फेरमांडणी झाली, आणि कुळांची संख्या २९ वर गेली. मॅन्टिडी हे पूर्वी सगळं सामावून घेणारं कुळ होतं, त्यातून बरंच बाहेर पडलं. हंबर्टिएला जुन्या पुस्तकात लिटर्गुसिडीत सापडते, आज ती गोनिपेटिडीत आहे. डिफोबी ही प्रजाती आता रिव्हेटिनिडीत. माझी पद्धत अशी की जुन्या किल्लीनं प्रजातीपर्यंत जायचं, आणि कुळाचं नाव मात्र नव्या मांडणीतून घ्यायचं. खोडावर चपटं अंग घेऊन राहणं वेगवेगळ्या वंशरेषांत स्वतंत्रपणे आलं, म्हणून दिसण्यावरून बांधलेली जुनी कुळं मोडली. आपण शेतात दिसण्यावरून अंदाज बांधतो तेव्हा हे आठवावं.

ओळखचिठ्ठीवर खात्री असेल तिथपर्यंतच नाव. नर नसेल तर ‘हायरोड्यूला, मादी’ एवढंच, जातीचं नाव नाही. पहिल्या चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि झाड. वाढवलेला नमुना असेल तर अंडकोशाचा क्रमांकही, म्हणजे त्याच कोशातली नर-मादी आणि माश्या पुढे एकत्र लावता येतात. रिकामा अंडकोश आणि शेवटची कातही त्याच क्रमांकानं जपावी, फुटलेल्या पायाचे काटे कातीवर मोजता येतात.

पक्की ओळख करून घ्यायची तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. आधी फोटो आणि नोंदी पाठवून विचारावं. नमुना नेताना पोटाच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या दोन टाचण्या रोवाव्यात. नाहीतर एसटीच्या हादऱ्यांनी जड मादी टाचणीभोवती फिरते आणि शेजारच्यांचे पाय मोडते. डीएनएची कुपी वेगळ्या डब्यात, वर तोच क्रमांक पेन्सिलीनं लिहिलेला, कारण शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते.