धाकटी ट्रॉली

बेळगाव-खानापूर भागातल्या पुष्कळ दिंड्या माघी एकादशीला पंढरपूर गाठतात. आषाढीला भाताची कामं अंगावर असतात. माघात मळण्या उरकलेल्या, पोती घरात आलेली आणि पावसाची भानगड नाही, त्यामुळे मुलांना घेऊन चालायचं तर हीच वारी बरी. ऐंशीच्या दशकात आमच्या घरची सगळी चालली तेव्हा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता. वाट अशी: काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, हुक्केरी, चिकोडी, अंकली-मांजरीचा कृष्णेवरचा पूल, कागवाड, मग म्हैसाळला महाराष्ट्र लागतो. पुढे मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला. अडीचशेच्या घरात किलोमीटर, दहा-अकरा मुक्काम.

दिंडीची चाल ताशी चार किलोमीटर असते. सात वर्षांचं पोर तीनच्या पुढे जात नाही, तेही पहिले दोन तासच. म्हणजे तासाला किलोमीटरभर मागे पडणार, हे धरूनच चालायचं. त्याला ओढत नेलं की ते रडतं आणि ओढणाराही दमतो. सोपी युक्ती अशी, की पहाटे काकडा झाल्यावर पोराला सगळ्यात पुढे, पताकांबरोबर सोडायचं. ते आपल्या चालीनं चालतं आणि दिंडी त्याच्या बाजूनं पुढे सरकत राहते. आधी टाळकरी जातात, मग मृदंग, मग विणेकरी, शेवटी डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. त्या बायका येईपर्यंत विसावा येतो. दिंडी लहान असेल तर पोर लवकर शेपटाला पोचतं, म्हणून शेवटी घरचं एक मोठं माणूस हवंच. धाकट्याला कुणी विचारलं, की मागे का पडलास, तर तो म्हणायचा, "मी कुठं मागं पडलो? दिंडी नदी हाय, मी दगड." सकाळचे सहा-सात किलोमीटर झाले की दगडाला उचलून भांड्यांच्या टेंपोत बसवायचं. ऊन चढल्यावर चालवण्यात पुण्य नाही.

माघात या वाटेवर खरी भीती उसाच्या ट्रॅक्टरची. चिकोडीपासून कागवाडपर्यंत कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर रस्त्यात बाहेर आलेले ऊस. पहाटेच्या अंधारात मागच्या ट्रॉलीला दिवा नसला तर ती दिसतच नाही. ट्रॅक्टर निघून गेला असं समजून माणूस पाऊल टाकतो, आणि मागची ट्रॉली हेलकावा खात कडेला येते. मोठ्यांना हे दहादा सांगावं लागतं. धाकट्यानं ते एकदाच सांगितलं आणि दिंडीतल्या सगळ्या पोरांना कळलं. त्याच्या हिशेबी ट्रॅक्टर म्हणजे आई, पहिली ट्रॉली थोरली, दुसरी धाकटी. थोरली आईचा पदर धरून सरळ चालते. धाकटी नादिष्ट, कडेची मजा बघत वाकडीतिकडी येते. "आई गेली, थोरली गेली, धाकटी जाऊ दे, मग चाला," असं पोरं एका सुरात ओरडायची. ट्रॅक्टरचा आवाज आला की डांबर सोडून दोन हात खाली मातीत उतरायचं आणि धाकटी जाईपर्यंत थांबायचं, एवढाच नियम. चोपदारानंही तो उचलला.

कानडी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. बऱ्याच कानडी अक्षरांच्या डोक्यावर बारीक आकडी असते, तलकट्टु म्हणतात तिला. मैलाच्या दगडासमोर उभा राहून तो म्हणाला, "दादा, हीबी पताका घेऊन पंढरपूरलाच जाऊलाल्यात की!" त्यानंतर दर दगडाशी थांबून तो अक्षरांना 'माउली' म्हणून वाकायचा. किलोमीटरमागे एक नमस्कार म्हणजे मिनिटभराचा विसावा. पायाला तेवढा पुरतो, म्हणून कुणी हटकलं नाही.

पोराच्या खिशात चिठ्ठी हवी. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, कारण कागवाडपर्यंत ज्याच्या हाती पोर लागेल तो कुठली भाषा वाचेल याचा भरवसा नाही. गाव, दिंडी आणि त्या रात्रीचा मुक्काम, तीनच गोष्टी लिहायच्या. शाई घामानं फुटते. पेन्सिलीनं लिहून वर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळायचा. मुक्काम रोज बदलतो, तो रोज खोडून लिहायचा, आणि नेमकं हेच विसरतं. आता फोन नंबर लिहितात, पण एकादशीला पंढरपुरात गर्दी वाढली की फोन लागेलच असं नाही.

त्या खिशात दुसरं काही नको. धाकटा दर मुक्कामाचा एक खडा घ्यायचा, 'गावं सोबत चालल्यात' म्हणून. तिसऱ्या दिवशी खिसा मांडीवर आपटून कातडं सोललं. खडे टाकून द्यायला सांगण्यापेक्षा तंबाखूच्या रिकाम्या डबीत भरून टेंपोत ठेवले. जांघेत आणि मांडीला सकाळीच खोबरेल चोळलं तर निम्मा त्रास वाचतो.

पायांचं म्हणाल तर नवे बूट या वाटेवर आणू नयेत. थोरल्याचे वापरलेले चालतात, पण मापानं मोठे असले की टाच आत वरखाली होते आणि फोड तिथंच येतो. दोन सुती मोजे घालून ती जागा भरायची, विसाव्याला ओले मोजे बदलायचे. फोड आलाच तर वरची कातडी काढायची नाही. सुई जाळावर तापवून, निववून कडेला टोचायची, पाणी दाबून काढायचं, स्वच्छ फडकं बांधायचं. दोरा आत ठेवायची पद्धत दिंडीत आहे, पण धुळीच्या वाटेवर तो दोरा पू करतो.

खाण्याला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. दोन्ही दिवसेंदिवस टिकतात. पोराला दुपारी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडंथोडं पाजायचं. चमचे चहाचे.

परतीला पंढरपूरहून मिरजेपर्यंत तेव्हा अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती. मिरजेत तिन्ही मापांचे रूळ बघायला मिळायचे: पुण्या-कोल्हापूरचे रुंद, बेळगाव-लोंड्याकडचे मीटर मापाचे, आणि हे. अर्ध्या तिकिटाच्या धाकट्यानं थोरल्याच्या बुटातले पाय पुढे करून तिन्हीकडे बघितलं. थोरली, मधली, धाकटी अशी नावं ठेवून झाल्यावर छोट्या गाडीच्या डब्यावर हात फिरवत म्हणाला, "थोरलीचे जुने डबे कापून शिवलेत हिला."