हरमलच्या कड्यावरची स्पर्धा: वारा, मळभ आणि भरती

गोव्यात हरमलला पॅराग्लायडिंगच्या स्पर्धेला येणार असाल तर आधी बसून राहायची सवय करा. यंदा आम्ही डिचोलीहून निघालो तेव्हाच समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याच्या बातम्या होत्या. पठारावर पोचलो तर आभाळ भरलेलं, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक काठीला चिकटून लोंबतोय आणि पायलट मंडळी पिशव्यांना टेकून पत्ते खेळतायत. गुरं घेऊन आलेल्या एका काकांना विचारलं, "काका, वारा येईल का हो?" त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "मळब आसा. वारो काय धरचो ना." आणि खरंच, त्या दिवशी एकही पंख उघडला नाही.

हरमल आणि केरी यांच्यामधला हा कडा पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून आहे. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात, कड्यावर आपटून वर चढतात, आणि त्या उचलीवर आपण तरंगतो. सकाळी मतलई वारे घाटाकडून समुद्राकडे वाहतात. त्यात उड्डाण करायचं नसतं, कारण कड्यापुढे हवा खाली कोसळते आणि भोवरे होतात. ढगाळ दिवशी जमीन तापतच नाही, म्हणून खारे वारे उशिरा येतात किंवा येतच नाहीत. शिवाय समुद्रात कमी दाब असला की वारा दक्षिणेकडे सरकतो आणि कड्याला तिरपा लागतो. मोबाइलवर पश्चिमेचा बाण दिसला म्हणून खूश होऊ नका. तो अंदाज मोठ्या प्रदेशाचा असतो. कड्यावर काय चाललंय ते पाण्यावरचे पांढरे शेंडे आणि घारी जास्त खरं सांगतात. घार पंख न हलवता कड्यासमोर उभी राहिली की हार्नेस चढवायला घ्या.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पण नोव्हेंबर-डिसेंबर हा वादळांचाही काळ आहे हे पुण्या-मुंबईच्या लोकांच्या ध्यानात नसतं. डिसेंबर २०१७मध्ये ओखी वादळ दूर समुद्रातून गेलं, तरी इकडच्या किनाऱ्यांवर पाणी चढून शॅकांची नासधूस झाली होती. जमत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतली स्पर्धा निवडा.

आमची स्पर्धा अचूक उतरण्याची होती. कड्यावरून उडायचं, तरंगत आपली पाळी येऊ द्यायची आणि खाली वाळूत मांडलेल्या चकतीवर पाय टेकायचा. पाय पहिल्यांदा जिथे लागतो तिथून मध्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. जितके कमी गुण तितकं बरं. टेकताना बसलात किंवा पडलात तर चकती गाठूनही सगळं फुकट, जास्तीत जास्त गुण पदरात. इथली खरी गोम वेगळीच आहे. वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं म्हणजे पाण्याकडे तोंड करून उतरायचं. डोंगरातल्या स्पर्धेत लांब गेलात तर शेतात उतरता, इथे लाटेत. ओला पंख लाटेबरोबर ओढत नेतो, म्हणून दोऱ्या कापायचा चाकू हाताला येईल असा बांधा आणि फ्लोटेशन जॅकेट घाला, मित्र कितीही हसले तरी.

म्हणूनच येण्याआधी भरती बघून या. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. पौर्णिमा-अमावास्येला ती अकरा-सव्वाअकराच्या आसपास येते, म्हणजे खारे वारे जोरात असतात तेव्हा ओहोटी चालू असते आणि उतरायला ऐसपैस वाळू मिळते. उधाणाला घाबरून तारीख बदलणारे आयोजक मला म्हणून कळत नाहीत. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, पण दुपारभर चढतच असतं, आणि पंच चकती मागे मागे सरकवत बसतात.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ढग फाटले. अर्ध्या तासात वारा ताशी पंधरा किलोमीटरच्या वर गेला. आधी एक पायलट नुसता हवा बघायला सोडला, तो सुखरूप तरंगला आणि पहिली फेरी सुरू झाली. अशा हवामानात पहिली फेरी हीच कदाचित शेवटची असते, त्यामुळे तिथे धाडस करण्यात अर्थ नाही. मी कड्यापासून थोडा लांब, जास्त उंची ठेवून वळलो, दोन्ही ब्रेक कानापर्यंत आणले आणि चकतीच्या अलीकडे टाच टेकली. टेपवर ४६. चमकदार नाही, पण पुरेसे.

दुसऱ्या फेरीत आमच्यातला एक, कामशेतला शिकलेला पुणेकर, थेट मधोमध उतरला. सगळा किनारा ओरडला. आणि पुढचे पाच-सहा जण हवेत असताना वारा दक्षिणेकडे फिरला. पंचांनी फेरी थांबवली. सगळ्यांची उड्डाणं झाल्याशिवाय फेरी धरत नाहीत, त्यामुळे त्याचं शून्य रद्द. बिचारा रात्रभर नियमावली वाचत बसला होता. माझ्या मते पंचांचं बरोबरच होतं; तिरप्या वाऱ्यात उरलेल्यांना सोडणं म्हणजे त्यांना कड्यावर फेकणंच.

हवेत गर्दी असते, त्यात पर्यटकांना घेऊन फिरणारे टँडमही. समोरासमोर आलात तर कडा ज्याच्या उजव्या हाताला तो सरळ जाणार, म्हणजे केरीच्या दिशेने जाणाऱ्याचा हक्क. वळायचं ते नेहमी समुद्राकडे. मोपा विमानतळ जवळ आहे, तेव्हा उंचीबद्दल ब्रीफिंगमध्ये सांगतील ते नीट ऐका.

आणि परवानगी. जानेवारी २०२५मध्ये केरीच्या पठारावर टँडम उड्डाणात एक पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट असे दोघे गेले. आयोजकांकडे परवानगीचा कागद मागायला लाजू नका. जो दाखवायला टाळाटाळ करतो त्याला प्रवेश फी देऊ नका. तुमच्याकडे रिझर्व्ह, म्हणजे जादाचं पॅराशूट, नसेल तर कड्यावर येऊच नका.

पठारावर जांभा आहे. पंख पसरताना दोऱ्या त्याच्या कपारीत अडकतात, म्हणून खाली जुनी ताडपत्री घाला. संध्याकाळी पंखाच्या मागच्या कडेला साचलेली वाळू झटकून काढा आणि खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

राहायला हरमलपेक्षा पालये किंवा केरी बरं, रात्री झोप तरी लागते. पुण्याकडून येणाऱ्यांनी आंबोलीने उतरून सावंतवाडी, आरोंदा आणि किरणपाणीचा पूल धरावा. म्हापशाच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. परतीचं आरक्षण मात्र एक दिवस पुढचं करा, राखीव दिवसाला फेरी झाली तर आमच्यातल्या दोघांसारखी ती स्टँडवरून फोनवर ऐकावी लागेल.